लाल बारकोड

कोकणातल्या घरगुती मालावर हल्ली बारकोड दिसतो, बरं वाटतं. पण दिघीहून आणलेल्या कोकम सरबताच्या बाटलीवर तो चक्क लाल रंगात छापलेला! दुकानातली बरीच यंत्रं लाल प्रकाश टाकतात. त्यांना लाल पट्टे पांढऱ्या कागदासारखेच दिसतात, मग वाचणार काय? शिवाय दोन्ही बाजूंची कोरी जागा नक्षीने भरलेली, आणि कोड मूळ मापाच्या ८० टक्क्यांहून लहान. काउंटरवरची मुलगी १३ आकडे हाताने टाकत बसते, दुकानदार पुढच्या खेपेला माल घ्यायला कुरकुरतो. नुकसान कोणाचं? उन्हाळाभर रातांबे फोडणाऱ्या बाईचं. म्हणून छापणाऱ्यांनो, सजावट लेबलवर हवी तेवढी करा. बारकोड मात्र काळा, पांढऱ्यावर, ऐसपैस राहू द्या. यंत्राला नक्षी कळत नाही हो!