पैसा होता, नावं नव्हती!

कोरोनाचा विषय निघाला की होस्टेलवर गप्पा रंगतात त्या ऑनलाइन शाळेच्या आणि परीक्षा न देता पास झाल्याच्या. मजुरांचं काय झालं असं विचारलं तर उत्तर ठरलेलं असतं, "आपला देश गरीब, सरकारकडे पैसाच नव्हता, काय करणार?" मला हे उत्तर पटत नाही. निदान बांधकाम मजुरांच्या बाबतीत तरी पैसा होता. नव्हती ती नावं!

१९९६ च्या कायद्याने बांधकामाच्या खर्चावर १ टक्का उपकर बसवला. तो राज्यांच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळांकडे जमा होत गेला. २४ मार्च २०२० रोजी केंद्राने राज्यांना सांगितलं, की या निधीतून मजुरांच्या खात्यात थेट पैसे टाका. केंद्राच्याच आकड्यांनुसार तेव्हा निधीत सुमारे ५२ हजार कोटी रुपये होते आणि नोंदलेले कामगार होते सुमारे साडेतीन कोटी. भागाकार करून बघा, माणशी जवळजवळ १५ हजार येतात. महाराष्ट्रात पहिल्या टप्प्यात मिळाले २ हजार, आणि तेही ज्याची नोंदणी झालेली त्यालाच. पहाटे नाक्यावर उभा राहणारा बिगारी, मुकादमामागे गावोगाव फिरणारा सेंटरिंगवाला यांचं काय?

नोंदणीची अट अशी, की मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामावर काम केलेलं असावं. आता याचा दाखला सहसा देणार कोण? ठेकेदार! आणि त्याने तो का द्यावा? नाव कागदावर आलं की किमान मजुरी, अपघाताची भरपाई असे सगळेच प्रश्न मागे लागतात. मग हजेरी राहते मुकादमाच्या खिशातल्या डायरीत.

२९ मार्च २०२० ला गृह मंत्रालयाने आदेश काढला, की टाळेबंदीच्या काळातला पूर्ण पगार मालकांनी द्यावा. १८ मेपासून तो मागे घेतला गेला. पण जो आपला मालक कोण हेच सिद्ध करू शकत नाही, त्याने तो आदेश असताना तरी कुणाला दाखवायचा? त्याच मे महिन्यात, ८ तारखेला पहाटे, जालन्याच्या स्टील कारखान्यातून मध्य प्रदेशात घरी निघालेले १६ मजूर करमाडजवळ रुळांवर झोपले असताना मालगाडीखाली गेले. आणि सप्टेंबरमध्ये सरकारने लोकसभेत सांगितलं, की घरी परतताना किती मजूर दगावले याची माहिती उपलब्ध नाही. जगताना नोंद नाही, मेल्यावरही नाही.

याउलट खेड्यात काय झालं बघा. २०२०-२१ मध्ये रोजगार हमीवर देशभरात साडेसात कोटींच्या आसपास कुटुंबांना काम मिळालं. ही कल्पना मूळची आपल्याच महाराष्ट्राची. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती मोठ्या प्रमाणावर वापरली गेली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिथे काम मागायला ठेकेदाराची चिठ्ठी लागत नव्हती, म्हणून संकटात ती उपयोगी पडली. शहरातल्या मजुरासाठी असं काहीच तयार नव्हतं. असंघटित कामगारांच्या नोंदणीचं ई-श्रम पोर्टल सुरू झालं ते ऑगस्ट २०२१ मध्ये, म्हणजे दोन लाटा येऊन गेल्यावर! साथ आल्यावर यादी करायला घेणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं.

कुणी म्हणेल, मजूर एका साइटवर टिकत नाहीत, नोंद ठेवायची कशी? अहो, सिमेंटच्या प्रत्येक गोणीची आणि स्टीलच्या प्रत्येक किलोची नोंद आपण ठेवतोच ना? मग माणसांचीच का जमत नाही?

हे मी कॉलेजच्या मासिकात लिहितोय, कारण उद्या साइट इंजिनिअर म्हणून मस्टर आपल्यापैकीच कुणाच्या तरी हातात असणार आहे. ९० दिवस भरलेल्या मजुराला दाखला मिळाला की नाही हे विचारायला मंत्री असावं लागत नाही. सुरुवात इथूनच करता येईल. कॉलेजच्या आवारात यापुढे जे बांधकाम निघेल, त्याच्या करारात मजुरांची नोंदणी आणि कामाचे दाखले ही अट प्राचार्यांनी घालावी. फॉर्म भरायला एनएसएसची मुलं आहेतच. ज्यांनी बांधलेल्या खोल्यांत आपण राहतो, त्यांच्यासाठी एवढं करणं काही फार नाही. पुढची साथ सांगून येणार नाही, यादी मात्र आज करता येते.