चौकाखाली नाव कुणाचं?

वारली लग्नघरात देवीचा चौक लिहायचा तो सवाशिणींनी. शेणानं सारवून गेरू दिलेली भिंत, पाण्यात कालवलेलं तांदळाचं पीठ, हातात बांबूची काडी. चित्राखाली नाव घालावं, हे कुणाच्या मनातही येत नसे. १९७०च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी डहाणूकडच्या पाड्यांवर पोहोचले, भिंतीवरचं चित्र कागदावर आलं आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे हे नाव जगभर गेलं. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हा मान रास्तच. त्यांनी रंगवलेलं मासेमारीचं जाळं पाहावं, किती बारीक रेघा! पण कलेला बाजार मिळाला आणि ती बरीचशी पुरुषांच्या नावावर चढली. चौक लिहिणाऱ्या बायकांना कलावंत म्हणायला आपल्याला इतका उशीर का लागला? या अंकाची बरीच पानं आम्ही त्याच प्रश्नाला दिली आहेत.