बिघाड यंत्रात नव्हे, मालकीत आहे

रहाटणी-काळेवाडीत राहणारा आणि भोसरी-चाकणच्या कारखान्यांत राबणारा कामगार मुलांच्या शिक्षणासाठी जुना लॅपटॉप विकत घेतो, तेव्हा तो ओव्हरटाइमची मिळकत त्यात ओतीत असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा नियमित आधार थांबविला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सोय आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. म्हणजे पडदा धड, कळफलक धड, स्मृती धड. तरीही दूरच्या एका कचेरीने यंत्र म्हातारे ठरविले! हा कोणता न्याय?

अशा यंत्रावर लिनक्स चढविणे हा सरळ उपाय होय. परंतु तो करून पाहणारे कित्येक साथी निराशेने सांगतात की, वायफाय सापडत नाही, आवाज येत नाही, चित्रफीत चालत नाही. लिनक्स गरिबाच्या कामाचे नाही. यातील तक्रार खरी आहे. तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मात्र साफ चुकीचा आहे.

चिपला हुकूम कसे द्यावेत हे ड्रायव्हरला ठाऊक असावे लागते आणि ती माहिती निर्मात्याजवळ असते. त्याने ती दडविली, तर बाहेरचा कारागीर काय करणार? फिटरच्या हाती लेथ द्यायचा, त्याचा नकाशा मालकाच्या तिजोरीत ठेवायचा आणि लेथ अडला की फिटरला अडाणी म्हणायचे, असाच हा प्रकार आहे. ब्रॉडकॉमच्या वायफाय चिपचे वर्तन स्वयंसेवकांना तपासून तपासून शोधावे लागले. कंपनीने स्वतःचा खुला ड्रायव्हर दिला तो २०१० साली. एनव्हिडियाने आपल्या ड्रायव्हरचा कर्नलमधील भाग खुला केला तो २०२२ मध्ये. या चळवळीचा उगमच मुळी एका अडलेल्या यंत्रात आहे. १९८० च्या सुमारास एमआयटीतील छपाईयंत्रात कागद अडकत असे आणि त्याची आज्ञावली रिचर्ड स्टॉलमन यांना नाकारण्यात आली. १९८३ मध्ये त्यांनी ग्नू प्रकल्प जाहीर केला.

गाण्यांची आणि चित्रफितींची गोष्ट तर अधिक बोलकी आहे. एमपी३ चा परवाना-कार्यक्रम २०१७ साली संपला आणि फेडोरासारख्या वितरणाला एमपी३ ची संपूर्ण सोय मूळ संचातच देता आली. त्यासाठी यंत्रात एक स्क्रूही बदलावा लागला नाही. बदलली ती मालकी!

आपल्या परिसराला हा धडा नवा नाही. शेजारच्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. १९७० च्या पेटंट कायद्याने औषधांवरील उत्पादन-पेटंट नाकारले, आणि भारतीय औषधे स्वस्त झाली. डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने सॉफ्टवेअरच्या पेटंटला चोरवाट ठेवली होती. डाव्या पक्षांनी आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या कार्यकर्त्यांनी विरोध केला आणि २००५ च्या कायद्यातून ती वाट गाळावी लागली. लढले तर मिळते, याचा हा पुरावा आहे.

मात्र आत्मटीकाही हवी. अडलेल्या नवख्याला 'आधी वाचून ये' म्हणून हाकलणारे पंडित आपल्यातही आहेत. डेबियनच्या सभासदांनी २०२२ साली मतदान करून बंदिस्त फर्मवेअर अधिकृत स्थापना-संचात घेण्यास मान्यता दिली, ती तत्त्व सोडून नव्हे, तर माणूस दारातच अडू नये म्हणून. आपणही तसेच वागावे. लिनक्स प्रथम पेन ड्राइव्हवरून चालवून वायफाय, आवाज, कॅमेरा पाहावा. मगच जुनी व्यवस्था पुसावी. वायफाय नसेल तर मोबाईल यूएसबीने जोडून इंटरनेट घ्यावे, 'एलएसपीसीआय' आणि 'एलएसयूएसबी' या आज्ञांनी चिपचे नाव काढावे, 'डीमेसग'मध्ये कोणते फर्मवेअर सापडत नाही ते वाचावे. आवाज नसेल तर 'अल्सामिक्सर'मध्ये 'एमएम' अशी खूण असलेली वाहिनी बंद असते, ती उघडावी. चित्रफितीसाठी कोडेक बसवावेत. प्रत्येक शाखेत हे करू शकणारे दोन साथी तरी असलेच पाहिजेत.

परंतु दुरुस्ती म्हणजे लढा नव्हे. खुल्या सॉफ्टवेअरचे केंद्राचे धोरण २०१५ चे आहे, दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल २०२२ चे. कागद पुष्कळ झाले. महापालिकेने शाळांसाठी संगणक घेताना खुले ड्रायव्हर असलेलीच यंत्रे घ्यावीत, ही अट निविदेत घालावी, अशी मागणी आपण केली पाहिजे. ज्याने पैसे मोजले त्याला यंत्र उघडण्याचा, समजून घेण्याचा आणि चालू ठेवण्याचा हक्क आहे. तो हक्क मिळेपर्यंत आपल्या घरातील लॅपटॉपही परक्याच्याच मालकीचा राहील.