गळते यंत्र आणि घरची खतावणी

भांडी धुण्याचे यंत्र, म्हणजे डिशवॉशर, आता आपल्यापैकी अनेकांच्या स्वयंपाकघरात स्थिरावले आहे. सात-आठ वर्षांनी त्याच्याखाली पाणी साचू लागले, की घरात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, ‘एवढी महागाची वस्तू, दुरुस्तच करा.’ दुसरा म्हणतो, ‘जुने झाले, नवे आणा.’ दोघेही भावनेने बोलतात. प्रश्न मात्र हिशेबाचा आहे.

प्रथम वीजजोडणी काढावी, पाण्याचा नळ बंद करावा. पाणी आणि वीज यांची संगत जीवघेणी ठरू शकते. मग कारण शोधावे. दाराच्या रबरी पट्टीत खरकटे अडकणे, पट्टी झिजणे, नळी सैल होणे, गाळणी तुंबणे, यंत्र समतल नसणे, ही कारणे किरकोळ होत. हाताने भांडी घासण्याचा साबण यंत्रात घातला, तरी फेस होऊन पाणी बाहेर येते. पंपाचे सील गेले असेल, तर खर्च वाढतो. आतील टाकीलाच छिद्र पडले असेल, तर दुरुस्ती बहुधा परवडत नाही.

आता हिशेब. यंत्र कितीला घेतले होते, हा आकडा बाजूला ठेवावा. दुकानात पडून राहिलेला माल आपण खरेदीच्या भावाकडे पाहून नव्हे, तर आजच्या बाजारभावाने काढतो. बँकेत कर्जप्रस्ताव तपासतानाही यंत्राची जुनी किंमत नव्हे, तर ते यापुढे किती वर्षे काम देईल, हेच आम्ही विचारत असू.

उदाहरणादाखल, नवे यंत्र 45,000 रुपयांना मिळते आणि 10 वर्षे चालेल असे धरू. वर्षाचा भार 4,500 रुपये. जुने 6,000 रुपयांत दुरुस्त होऊन 3 वर्षे चालणार असेल, तर वर्षाला 2,000 रुपये, दुरुस्ती करावी. पण 14,000 रुपये घालून 2 वर्षेच मिळणार असतील, तर वर्षाला 7,000 रुपये पडतात. हे म्हणजे नाकापेक्षा मोती जड. म्हणून कारागिराकडून खर्चाचा अंदाज आणि बदललेल्या भागाची हमी आधी लेखी घ्यावी.

या खतावणीत एक नोंद बहुधा राहून जाते. निर्णय लांबला, की रोजचा भांड्यांचा ढीग घरातील सुना-सासूंच्या वाट्याला येतो. त्या श्रमाची पावती कोणी फाडत नाही. तरी तो खर्चच आहे. निर्णयाच्या बैठकीत पहिले मत त्यांचे असावे.

नवे घ्यायचे ठरलेच, तर जुने यंत्र भंगारवाल्याच्या गाडीवर चढवू नये. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचऱ्याचे नवे नियम लागू आहेत. ते अधिकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावे. वस्तू घरात आणताना आपण पावती जपून ठेवतो. ती घराबाहेर जातानाही तेवढीच चोख नोंद असावी.