फेलाहांचा कैवार कोणीं घ्यावयाचा?

इजिप्तचें सरकार विद्वानांस तुरुंगांत घालतांना काय कारण देतें, तें आमच्या शेतकरी व कारागीर बंधूंनीं नीट ऐकावें. कैरोंत सादुद्दीन इब्राहीम नांवाचे समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनीं १९८८ सालीं इब्न खलदूनच्या नांवानें एक अभ्यासकेंद्र काढलें. निवडणुकींत लबाडी कशी चालते, गरिबानें मत कां द्यावें, हें तें केंद्र शोधी व लोकांस सांगे. ३० जून २००० रोजीं सरकारनें त्यांस पकडून नेलें. आरोप काय? तर परवानगीवांचून युरोपचा पैसा घेतला आणि परदेशांत देशाची अब्रू घालविली! २००१ सालीं सात वर्षांची सजा झाली. फेरचौकशींत २००२ सालीं पुन्हां तीच. अखेर मार्च २००३ मध्यें वरिष्ठ न्यायालयानें त्यांस निर्दोष सोडलें. २०२३ सालीं ते वारले.

परदेशी पैशाचा एवढा विटाळ मानणाऱ्या या सरकारचें लष्कर १९८७ पासून अमेरिकेकडून दरसाल सुमारें १३० कोटी डॉलरांची मदत घेत आलें आहे. तोफांना लागलेला परक्याचा पैसा सोंवळा, आणि मतपेटी तपासण्यास लागलेला तेवढा ओंवळा! असलें सोंवळें आमच्या वाचकांस नवें नाहीं.

अरब मुलखांतल्या अशा विखुरलेल्या अभ्यासकांनीं आतां एकमेकांचा हात धरिला आहे. २००५ सालीं 'अरब रिफॉर्म इनिशिएटिव्ह' ही संस्था निघाली. सीरियाच्या बस्मा कोदमानी या विदुषीनें पॅरिसमधून तिचा कारभार पुष्कळ वर्षें पाहिला. अरब व अमेरिकन विद्यापीठांतल्या मंडळींनीं मिळून 'अरब बॅरोमीटर' चालविलें. त्याची पहिली पाहणी २००६-०७ ची. अरबाला लोकशाही पचत नाहीं, त्याला चाबूकच समजतो, असें तेथले राजे, सेनापति आणि त्यांचे गोरे दोस्त सांगत आले होते. लोकांस विचारून पाहिलें, तेव्हां बहुतेक देशांत बहुसंख्य माणसांनीं लोकशाहीच बरी म्हटली. रयतेला न विचारतां रयतेच्या नांवानें बोलणाऱ्यांची यापेक्षां मोठी फजिती कोणती?

म्हणूनच विचारण्यावरच बंदी! इजिप्तमध्यें लोकांची पाहणी करावयाची तर सरकारची परवानगी लागते. संस्थांविषयींच्या २०१७ च्या कायद्यांत याबद्दल कैदेची शिक्षा होती. २०१९ च्या कायद्यानें कैद काढली, परवानगीची दोरी ठेविली. आणि कायद्याबाहेर काय चालतें तें जुलिओ रेजेनी या इटालियन तरुणाच्या आईबापांस विचारा. केंब्रिज विद्यापीठाचा हा विद्यार्थी कैरोंतल्या फेरीवाल्यांच्या संघांचा अभ्यास करीत होता. २५ जानेवारी २०१६ रोजीं तो नाहींसा झाला. ३ फेब्रुवारीस त्याचें हाल हाल केलेलें प्रेत रस्त्याकडेला सांपडलें. इजिप्तच्या चार सुरक्षा अधिकाऱ्यांवर रोममध्यें त्यांच्या गैरहजेरींत खटला उभा राहिला. कैरो सरकार कानांवर हात ठेवून बसलें. फेरीवाल्याचें म्हणणें लिहून घेणें एवढें भयंकर!

तुरुंगवाल्यांविरुद्ध आम्ही या अभ्यासकांचे आहोंत. म्हणूनच त्यांना दोन कडू शब्द ऐकविण्याचा आमचा हक्क आहे.

फेलाह म्हणजे तिकडचा कुणबी. १९५२ च्या जमीनकायद्यानें इजिप्तच्या कुळांस आधार मिळाला. खंड सरकारी धाऱ्याच्या सातपटीवर चढवावयाचा नाहीं असें ठरलें. १९९२ च्या ९६ क्रमांकाच्या कायद्यानें तो बावीस पट झाला, आणि ऑक्टोबर १९९७ पासून मालक मागेल तो खंड द्या नाहीं तर जमीन सोडा, असा हुकूम सुटला. बापजाद्यांनीं कसलेलीं शेतें हातचीं गेलीं. मारहाणी झाल्या, माणसें मेलीं. १९९६ सालीं कैरोंत निघालेल्या एका लहानशा भूमिहक्क-केंद्रानें त्यांची नोंद ठेविली. राज्यघटना, पक्ष आणि निवडणुका यांवर रीमेंच्या रीमें कागद खर्चणाऱ्या पंडितांच्या ताळेबंदांत या कुळांना किती पानें मिळालीं?

ट्युनिसियांतही तीच तऱ्हा. १७ डिसेंबर २०१० रोजीं सिदी बूझीद येथें मोहम्मद बूअझीझी या भाजीच्या हातगाडीवाल्यानें स्वतःस जाळून घेतलें, आणि महिन्याच्या आंत हुकूमशहा पळाला. लगेच आवई उठली कीं तो पदवीधर होता! त्याची साधी शाळाही पुरी झाली नव्हती. हातगाडीवाल्याचें दुःख पदवीवांचून दुःख ठरत नाहीं काय? भूगोलज्ञ हबीब आयेब यांनीं दाखवून दिलें कीं सिदी बूझीदच्या बागाइती वाढल्या त्या बाहेरच्या भांडवलवाल्यांच्या. गांवचा शेतकरी पाण्याला व जमिनीला मुकला. हा प्रश्न नव्या लोकशाहीनें सोडविला नाहीं. मग २५ जुलै २०२१ रोजीं अध्यक्ष सईद यांनीं पार्लमेंटला टाळें ठोकलें तेव्हां अनेक लोक रस्त्यावर येऊन आनंदले, यांत नवल तें काय?

वरच्यांस शिकवा, विद्या खालीं आपोआप झिरपेल, हें मत जोतीराव फुल्यांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें खोडून काढिलें. तें या मंडळींनाही लागू आहे. त्यांचे अहवाल इंग्रजींत, फ्रेंचांत आणि ग्रंथी अरबींत. फेलाहाच्या चुलीपाशीं बोलतात ती अरबी निराळी. शिवाय २०१७ च्या शिरगणतीप्रमाणें इजिप्तमध्यें दहा वर्षांवरील दर चार माणसांत एक निरक्षर! पुढची पाहणी काढाल तेव्हां कालव्याचें पाणी कोण अडवितो, खंड किती भरावा लागतो, हें आधीं विचारा. आणि ज्या गांवचीं उत्तरें, त्या गांवच्या ओट्यावर तीं त्यांच्या बोलींत मोठ्यानें वाचून दाखवा.