चाके शोभेची की भाराची?

मोटारगाडी कितीही अवजड असली तरी रस्त्याशी तिचा प्रत्यक्ष संबंध येतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार जागांपुरताच. ब्रेक लागणे, वळण साधणे, ओल्या सडकेवर तग धरणे ही सारी कामे एवढ्याशा जागेवर अवलंबून असतात. तरीही गाडी घेताना इंजिनाची जितकी चौकशी होते तितकी टायरांची होत नाही. त्यात आता पिकअप गाडीचे पाटे काढून किंवा बदलून ती खाली बसवावी आणि तिला मोठ्या, चकचकीत अ‍ॅलॉय रिमा घालाव्यात, ही हौस तरुण मालकांत दिसू लागली आहे. तिचा विचार वेळीच व्हावयास हवा.

ही हौस मूळची अमेरिकेतील. तेथे पुष्कळांची पिकअप ही घरची, फिरावयाची गाडी असते. आपल्याकडे ती पोटापाण्याची गाडी आहे. मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्याचेच उदाहरण घेऊ. गोंदियाला लागून असलेला आणि मराठीशी जुने नाते असलेला हा जिल्हा 1956 च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशातच राहिला. भरवेलीचे मँगनीज, मलाजखंडचे तांबे, वैनगंगेच्या खोऱ्यातील धान आणि डोंगरातील बांबू ही त्याची संपत्ती. खनिज, भात, घाट आणि धो धो पाऊस, म्हणजे आमच्या किनारपट्टीच्या वाचकांना परके वाटावे असे तेथे काहीच नाही. शेतातले धान बाजारात नेणारी पिकअप बैहरकडचा घाटही चढते आणि खेड्यातील उखडलेली वाटही तुडवते. अशा गाडीला कोणती चाके हवीत?

उत्तर टायरच्या कडेवरच लिहिलेले असते. 195/80 आर 15 या खुणेचा अर्थ असा की, टायरची रुंदी 195 मिलिमीटर, कडेची उंची रुंदीच्या 80 टक्के, म्हणजे 156 मिलिमीटर, आणि रिम 15 इंची. सगळ्या चाकाचा व्यास झाला 693 मिलिमीटर. आता 17 इंची रिम घालावयाचीच असेल तर 215/60 मापाच्या टायरने व्यास 690 मिलिमीटर राहतो, फरक नगण्य. पण दिखाऊपणासाठी 215/45 मापाचा टायर घातला की व्यास 625 वर येतो. गाडी आणखी 34 मिलिमीटरनी खाली जाते, वेगदर्शक काटा खरा नसलेला वेग दाखवू लागतो आणि खड्ड्याचा दणका सोसणारी टायरची कड 156 वरून 97 मिलिमीटरवर येते. दगडावर आपटून रिम वाकणे आणि कडेला फुगा येणे हे मग ठरलेलेच.

याहून महत्त्वाचा आहे तो मापाच्या पुढे छापलेला भारांक. 106 या अंकाचा टायर 950 किलो भार पेलू शकतो; 91 अंकाचा केवळ 615 किलो. म्हणजे मागच्या दोन चाकांची ताकद 1,900 किलोवरून 1,230 वर आली, आणि त्यात गाडीच्या स्वतःच्या वजनाचा वाटाही धरावयाचा आहे. वरून पोती तितकीच लादली तर टायर तापतो आणि भर उतारावर फुटतो. पाटे कमी केल्याने माल भरताच चाक मडगार्डला घासू लागते. पुढच्या चाकांचा कल बिघडून टायरची आतली बाजू झिजते, आणि ती झीज बाहेरून दिसत नाही. रिम फार बाहेर काढली तर बेअरिंगवरचा ताण वाढतो. गाडी खाली घेतली की ती वळणावर स्थिर राहते, हा हौशी मंडळींचा युक्तिवाद खोटा नाही. पण तो रिकाम्या गाडीचा आणि गुळगुळीत रस्त्याचा युक्तिवाद आहे.

कायदाही या बाबतीत संदिग्ध नाही. नोंदणी पुस्तकातील तपशील निर्मात्याने ठरविलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा फेरफार मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमाने निषिद्ध मानला आहे, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बेकायदा फेरफारासाठी 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी शिक्षा ठेवली. माल वाहणाऱ्या गाडीच्या नोंदणीत टायरचे मापही लिहिलेले असते. अपघातानंतर विमा कंपनीने हे कागद उलगडले तर कर्जावर घेतलेल्या गाडीच्या मालकाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

शिवाय या गाड्यांतून केवळ माल जात नाही. 20 मे 2024 रोजी बालाघाटला लागून असलेल्या छत्तीसगडच्या कबीरधाम जिल्ह्यात तेंदूपत्ता तोडून परतणाऱ्या आदिवासींची पिकअप दरीत कोसळली आणि 19 जणांचे प्राण गेले. त्या दुर्घटनेचा संबंध आम्ही हौशी चाकांशी जोडू इच्छीत नाही. पण माल वाहण्याच्या गाडीत माणसे बसतात, लग्नाला जातात, मजुरीला जातात, हे वास्तव आहे. कायद्याला ते मंजूर नाही. परंतु जोवर गरिबाला दुसरे वाहन मिळत नाही तोवर ते थांबणारही नाही. तेव्हा टायरच्या भारांकावर केवळ पोत्यांचे नव्हे, माणसांचेही भवितव्य अवलंबून असते.

म्हणून आमचे सांगणे एवढेच की, टायर विकणाऱ्याने किमतीबरोबर भारांकही सांगावा. योग्यता प्रमाणपत्र देणाऱ्या अधिकाऱ्याने रंग आणि दिवे तपासण्याआधी वाकून टायरचे माप वाचावे. आणि मालकाने रिम निवडताना नोंदणी पुस्तक हाती ठेवावे. ज्याला गाडी सजवावयाची हौसच आहे त्याने ती रंगात आणि अक्षरांत खुशाल भागवावी. चाकांची निवड मात्र आरशासमोर नव्हे, वजनकाट्यावर झाली पाहिजे.