जुना प्रोजेक्टर घेताय? आधी त्याचे पावसाळे विचारा



घरात मोठ्या पडद्यावर सिनेमा बघायची हौस असते, पण नव्या प्रोजेक्टरला एवढे पैसे घालवत नाहीत, म्हणून जुना शोधला जातो. तेव्हा सगळे पहिलं विचारतात, “दिवा किती तास जळलाय?” माझ्या मते आपल्या लोणावळा-मावळात हा प्रश्न दुसरा. पहिला हा, की मागचे पावसाळे तो कुठे आणि कसा ठेवला होता?

हिशेब करून बघा. दिव्याचं आयुष्य साधारण ३००० ते ५००० तास. आठवड्याला अडीच तासांचे दोन सिनेमे पाहिले, तरी वर्षाचे २६० तास होतात. दिव्यात हजारच तास उरले असतील, तरी जवळजवळ चार वर्षं निघतात. शिवाय दिवा बदलता येतो. फक्त नव्या दिव्याचा भाव आधीच विचारून तो किमतीत धरा.

लेन्सच्या आत बुरशी धरली, तर मात्र सगळं मशीन उघडावं लागतं. स्वस्तातल्या मशीनला तो खर्च परवडत नाही. लोणावळ्यात मोसमात साधारण ४००० मिलिमीटर पाऊस पडतो. कपाटातल्या चपला पांढऱ्या होतात, तिथे पिशवीत पडून राहिलेल्या लेन्सचं काय होणार? म्हणून कमी वापरलेला म्हणजे चांगला, हे आपल्याकडे खरं नाही.

बघायला जाल तेव्हा मशीन बंद असताना लेन्सवर तिरका टॉर्च मारा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले, तर परत या. मग चालू करून पांढरा पडदा लावा. एलसीडी असेल तर पिवळे-निळे डाग आहेत का पाहा. डीएलपी असेल तर काळ्या पडद्यावर चांदण्यांसारखे पांढरे ठिपके दिसतात का पाहा. अर्धा तास चालू ठेवा. पंखा घरघरत असेल किंवा मशीन तापून आपोआप बंद पडत असेल, तर नको.

ऑफिस-क्लासमधून निघालेले प्रोजेक्टर स्वस्त मिळतात. प्रकाश भरपूर, पण बऱ्याच जणांचं मूळ रेझोल्यूशन १०२४ × ७६८ असतं. “फुल एचडी सपोर्ट” या शब्दांवर जाऊ नका, “नेटिव्ह किती?” एवढंच विचारा. सिनेमासाठी १९२० × १०८० उत्तम, बजेट नसेल तर १२८० × ८०० चालेल.

खोलीही मोजा. १०० इंची पडदा सव्वासात फूट रुंद होतो. थ्रो रेशो १.५ असेल, तर लेन्स भिंतीपासून अकरा फूट लांब हवी. दहा फुटी खोलीत तो बसणार नाही.

आता घरी आणल्यावरची गोष्ट. बुरशी आपल्याकडे अनंतकाय. पापड-लोणच्याला ती येऊ नये म्हणून आपण किती जपतो! इथेही तेच. आल्यावर पुसण्यापेक्षा येऊच न देणं, हीच जयणा. कापडी पिशवीत न ठेवता घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा, आणि पुड्या ओलावल्या की बदला.

पावसाळ्यात आठवड्यातून एकदा अर्धा तास चालवा, म्हणजे आतला दमटपणा जातो. पण संध्याकाळी नको. झगझगीत प्रकाशाकडे पावसाळी किडे धावतात आणि दिवा फार गरम असतो. दुपारी खिडक्या बंद करून, जाड पडदे ओढून लावा. चातुर्मासात एरवी सिनेमे नसले, तरी एवढं करा. बंद करताना दिवा थंड होऊन पंखा थांबेपर्यंत प्लग काढू नका.

संपलेल्या दिव्यात पारा असतो. तो कचऱ्यात न टाकता ई-कचऱ्यात द्या.

इतकं सांभाळायला जमणार नसेल, तर सरळ टीव्ही घ्या. जमणार असेल, तर कोरड्या घरात राहिलेला, तास थोडे जास्त झालेला प्रोजेक्टर खुशाल घ्या.